जुनी तालीम दुरुस्त करताना चुना की सिमेंट? आणि हौदा बुजवावा का?

पेठकरी: कोल्हापुरातल्या आमच्या पेठेची तालीम शाहूकालीन आहे. काळ्या दगडाचं जोतं, वर विटांच्या जाड भिंती, माळ्याला कडीपाट (लाकडी तुळया आणि त्यांवर फळ्या). भिंतींना खालून तीन फुटांपर्यंत लोणा (ओलीने वर येणारे पांढरे क्षार) लागलाय, गिलावा हाताने सुटतोय. मंडळात ठरतंय की सिमेंटचा गिलावा करायचा, फरशी घालायची आणि हौदा (कुस्तीच्या मातीचा खड्डा) बुजवून मॅट टाकायची. स्पर्धा मॅटवर होतात, त्यामुळे पोरांना मॅट हवीच. यातलं काय करावं, काय टाळावं?

घाणीचा_चुना: सिमेंट अजिबात नको. जोत्यातून चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते. सिमेंटने तिची वाट बंद झाली की ती आणखी वर चढते आणि नव्या गिलाव्याच्या वरच्या कडेला लोणा फुटतो. आतल्या आत विटांचे पापुद्रे निघत राहतात ते वेगळंच.

आधी ओल कुठून येते ते शोधा. जुन्या पेठांत डांबराचे थर चढून रस्ता जोत्याच्या वर आलेला असतो. पन्हळीचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतं का, गटार झिरपतं का, हे बघून ते पाणी भिंतीपासून लांब काढा. त्याशिवाय गिलाव्यावर केलेला खर्च वाया जाईल.

मग लोण्याच्या रेषेवर फूटभर जास्त घेऊन गिलावा उतरवा. सांधे छिन्नीने पाऊण ते एक इंच खरवडा. कटर लावलात तर विटांच्या कडा जातील. क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतले तर विरघळून परत विटेत शिरतात. सांध्यांसाठी १ भाग चुना, १ भाग सुरखी (भाजक्या विटांची पूड), २ भाग चाळलेली वाळू. चुना किमान पंधरा दिवस भिजलेला हवा. भरण्याआधी भिंत भिजवा, नाहीतर कोरडी वीट चुन्यातलं पाणी ओढून घेते आणि सांध्याचा भुगा होतो. नंतर आठवडाभर ओली गोणपाटं. वरून चुन्याची सफेदीच द्या, ऑइलपेंट नको.

इमारत वारसा यादीत असेल तर कामाला हात लावण्याआधी महापालिकेची परवानगी घ्या.

तांबडी_माती: हौदा बुजवू नका हो! मुळात हिशेबच जुळत नाही. स्पर्धेची पूर्ण मॅट १२ बाय १२ मीटर, आतलं वर्तुळ ९ मीटर व्यासाचं. तालमीतला हौदा वीस-पंचवीस फुटी. तो बुजवूनही मॅट अर्धवटच बसणार. आवारात जागा असेल तर मॅटसाठी वेगळी शेड घाला.

शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान (१९१२) हजारोंनी कुस्ती बघावी म्हणून गोल आणि उघडं आहे. तालीम सरावाची जागा, म्हणून बंदिस्त. बुटकं दार आणि उंचावरच्या लहान खिडक्या यांमुळे घामेजल्या अंगावर थेट वारा येत नाही, मातीची ओलही टिकते. खिडक्या मोठ्या केल्या की माती सुकून धूळ उडायला लागते.

माती बदलायची तर चाळून घ्या. ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर, काव घालून खोऱ्याने खालीवर करा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने सहज फुटावा, इतकीच ओल. जास्त ओली झाली तर पाय रुतून गुडघा पिरगळतो. रोज उकरली नाही तर माती बसते आणि पाठीला मार लागतो. हौद्याच्या तळाला काँक्रीट नको, पाणी मुरायला जागा राहत नाही. २०१९, २०२१ सारखं पुराचं पाणी शिरलं तर ती माती पूर्ण उपसून टाका. त्यात गटाराची घाण असते, पोरांना त्वचेचे आजार होतात.

पेठकरी: दोघांचेही आभार. कडीपाटाचं काय? एका तुळईला दोराचा मल्लखांब टांगतात.

घाणीचा_चुना: तुळईची भिंतीत गेलेली टोकं तपासा, कुजणं तिथूनच सुरू होतं. टोकदार सळी टोचा; सहज आत गेली तर लाकूड पोकळ आहे. कुजलेला भाग कापून त्याच जातीचं लाकूड जोडा. टोकाभोवती बोटभर फट ठेवा, सिमेंटने भरू नका, हवा लागली पाहिजे. वाळवीची माती दिसली तर आधी तिचा बंदोबस्त. हे होईपर्यंत दोर त्या तुळईवरून उतरवा.