सुरुवातीला प्रत्येक गर्भ मुलीचाच असतो का?

महालची शिक्षिका

मी नागपुरात महाल भागातील एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. प्रजननसंस्थेचा धडा चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले की, पहिले काही आठवडे प्रत्येक गर्भ मुलीचाच असतो आणि नंतर त्यांतल्या काहींचे मुलगे होतात, हे खरे आहे का? तिने ते मोबाइलवरच्या एका व्हिडिओत ऐकले होते आणि पुरुषांनाही स्तनाग्रे असतात, हा त्यातला पुरावा होता. एक्सएक्स की एक्सवाय हे फलनाच्या वेळीच ठरते, एवढे मी सांगितले. त्यावर तिचा पुढचा प्रश्न आला की, ठरलेलेच असेल तर अवयव वेगळे दिसायला इतके आठवडे का लागतात? वर्गात सांगता येईल अशा भाषेत कोणी समजावून देईल का?

निवृत्त शरीररचना शिक्षक

ताई, मुलीचा प्रश्न नेमका आहे; व्हिडिओतले उत्तर मात्र अर्धेच खरे आहे.

फलनानंतर सहाव्या आठवड्यापर्यंत दोन्ही प्रकारच्या भ्रूणांची जननग्रंथी (पुढे जिचे वृषण किंवा अंडाशय होते ती) सूक्ष्मदर्शकाखालीही सारखीच दिसते. (सोनोग्राफीच्या अहवालात आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे तेथे हाच आकडा दोनने वाढलेला असतो.) भ्रूण तेव्हा जेमतेम सेंटिमीटरभर लांब असतो. त्याच्या पोटाच्या मागच्या भिंतीवर दोन उंचवटे आलेले असतात, त्याच या जननग्रंथी; आणि ज्यांच्यापासून पुढे शुक्रपेशी किंवा अंडपेशी व्हायच्या त्या मूळ पेशी तेथे जन्मत नाहीत, तर भ्रूणाला जोडलेल्या पीतक पिशवीच्या भिंतीपासून आतड्याच्या पडद्यातून सरकत सरकत या उंचवट्यांत येऊन पोहोचतात. उंचवट्यांलगत प्रत्येक बाजूला दोन नलिका असतात: एक वोल्फची आणि दुसरी म्युलरची. या चारही नलिका प्रत्येक भ्रूणात असतात. फळ्यावर आकृती काढाल तर आधी याच काढा, कारण बहुतेक गोंधळ येथेच मिटतो. वोल्फच्या नलिकेपासून अधिवृषण, शुक्रवाहिनी आणि शुक्राशय घडतात. म्युलरच्या नलिकांपासून अंडवाहिन्या, गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग. म्हणजे एक जोडी टिकते आणि दुसरी विरते.

कोणती टिकणार, हे जननग्रंथी ठरवते. वाय गुणसूत्राच्या आखूड भुजेवर एसआरवाय नावाचे जनुक आहे, जे लंडनमधील संशोधकांनी १९९० मध्ये ओळखले. हे जनुक पहिल्या दिवसापासून प्रत्येक पेशीत असते. पण ज्या पेशींत त्याने काम करायचे, त्या जननग्रंथीतल्या पेशीच सहाव्या आठवड्याच्या सुमाराआधी तयार नसतात, आणि विलंबाचे कारण एवढेच आहे. जनुक जागे झाले की ग्रंथीचे वृषण होऊ लागते. त्यातील सर्टोली पेशी म्युलरच्या नलिका विरघळवणारे संप्रेरक सोडतात, आणि त्यानंतर लवकरच लेडिग पेशींचे टेस्टोस्टेरॉन वोल्फच्या नलिकांना टिकवून धरते.

‘सगळे आधी मुलीच’ ही समजूत आली आहे ती आल्फ्रेड जोस्ट या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या १९४७ च्या प्रयोगांवरून. त्यांनी सशांच्या पिल्लांच्या जननग्रंथी गर्भातच काढल्या. पिल्लू नर असो वा मादी, सर्वांत अंडवाहिन्या आणि गर्भाशयच तयार झाले. ग्रंथीऐवजी नुसते टेस्टोस्टेरॉन दिले तेव्हा नराच्या नलिका टिकल्या, परंतु म्युलरच्या नलिकाही गेल्या नाहीत, आणि त्यावरूनच दुसरे संप्रेरक असले पाहिजे हे उघड झाले. प्रयोग उत्तम होता, पण त्यातून लोकांनी ‘काही केले नाही की मुलगी होते’ असा अर्थ काढला, तो मला पटत नाही. अंडाशय घडायलाही डब्ल्यूएनटी४ सारखी जनुके कामाला लागावी लागतात. आणि मादी उंदरांच्या भ्रूणांत वोल्फच्या नलिका आपोआप विरत नसून त्यांना घालवणारे एक प्रथिन असते, हे २०१७ मध्ये दाखवले गेले आहे.

स्तनाग्रांचे म्हणाल, तर ज्या जाडसर रेघेतून ती उगवतात ती रेघ छातीवर उमटते तेव्हा वृषणाचा पत्ताच नसतो, म्हणून ती दोघांतही येतात. तो कोणी आधी मुलगी असल्याचा पुरावा नव्हे.

धंतोलीतील बालशल्यचिकित्सक

सरांच्या उत्तराला शस्त्रक्रियागृहातून एक पुरवणी जोडतो. मुलाचे वृषण उघडून पाहिले, तर त्याच्या वरच्या टोकाला बहुधा मण्याएवढा छोटा लोंबता भाग दिसतो. तो विरून गेलेल्या म्युलरच्या नलिकेचा अवशेष आहे. त्याचे काही काम नसते, पण वयात येण्याआधीच्या वर्षांत कधीकधी तो पिळला जातो आणि मुलगा कळवळत येतो. पातळ कातडीतून तेथे निळसर ठिपका दिसला तर निदान सोपे होते. तरीही वृषणच पिळले गेलेले नाही याची खात्री तातडीने करावी लागते, कारण त्यात काही तासांत वृषण गमावण्याची वेळ येते. अंडकोशात अचानक कळ आली तर मुलाने लाजून घरी बसू नये, एवढे वर्गात जरूर सांगा.

वृषण मुळात पोटात घडते आणि साधारण सातव्या महिन्यात जांघेतून खाली उतरते. त्याची रक्तवाहिनी आजही थेट पोटातल्या महाधमनीपासून निघते, आणि तेथला मार खालच्या पोटात कळतो तोही त्याच कारणाने. पूर्ण दिवसांच्या सुमारे ३ टक्के मुलग्यांत जन्मावेळी एखादे वृषण उतरलेले नसते. त्यांतली बरीच पहिल्या काही महिन्यांत उतरतात, आणि सहा महिन्यांनंतरही न उतरल्यास शस्त्रक्रियेचा विचार दीड वर्षाच्या आत व्हावा. थंडीत उतरलेले वृषणही स्नायू आखडून वर जाते आणि पालक घाबरतात. नागपूरच्या मे महिन्यात ही तक्रार घेऊन सहसा कोणी येत नाही.

वाचक, सीताबर्डी

मग सोनोग्राफीत हा फरक कोणत्या आठवड्यात दिसतो?

नियंत्रक

हा धागा तिकडे वळवू नये, ही विनंती. गर्भलिंग सांगण्यास आणि विचारण्यास १९९४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्राने तर त्याआधीच, १९८८ मध्ये, स्वतःचा कायदा केला होता.

महालची शिक्षिका

सर, डॉक्टर, दोघांचेही आभार. चार नलिकांची आकृती उद्याच फळ्यावर काढते. एक शंका उरते: म्युलरच्या नलिका दोन आहेत, तर अंडवाहिन्या दोन आणि गर्भाशय एकच, हे कसे?

निवृत्त शरीररचना शिक्षक

दोन्ही नलिकांची वरची टोके वेगळी राहतात, त्या अंडवाहिन्या. खालचे भाग मध्यरेषेवर एकमेकांना चिकटतात, मधला पडदा विरतो आणि एक पोकळी उरते, तेच गर्भाशय. काही स्त्रियांत हे जोडणे अपुरे राहते. मग गर्भाशय वरून दुभंगलेले असते, आत पडदा राहतो, किंवा क्वचित दोन स्वतंत्र गर्भाशये असतात. अनेकींना ते वंध्यत्वाच्या किंवा गर्भपाताच्या तपासणीतच प्रथम कळते, कारण पाळी नियमित येत असते. ज्याच्यामुळे मूत्रपिंड घडते तो मूत्रवाहिनीचा अंकुर वोल्फच्याच नलिकेतून फुटतो आणि म्युलरची नलिका तिच्याच आधाराने वाढत जाते. म्हणून गर्भाशयात असा दोष आढळला की मूत्रपिंडे दोन्ही आहेत ना, हेही तपासून घेतात.