आईसाठी चांगल्या स्पीकरचा कॉर्डलेस फोन सुचवा

मंडळी, आईसाठी लँडलाइनचा कॉर्डलेस फोन घ्यायचाय. संधिवातामुळे तिला फोन कानाला धरवत नाही, म्हणून स्पीकरवरच बोलते, भाजी निवडता निवडता मावशीशी तासभर गप्पा चालतात. आत्ताच्या फोनचा आवाज मोठा आहे, पण दोघी एकदम बोलल्या की एकीचं बोलणं कटच होतं आणि मग नुसतं हॅलो हॅलो, तिची फार चिडचिड होते हो. मोबाइल तिला नकोच.

पॅनासॉनिक, गिगासेट, बीटेल बघितले, पण दुकानात लाइन जोडून कोणी दाखवत नाही, त्यामुळे स्पीकरचं काही कळतच नाही. २.४ गिगाहर्ट्झवाला नको, घरातलं वायफायही त्याच बँडवर आहे, म्हणून डेक्टच (कॉर्डलेस फोनसाठीच्या वेगळ्या बँडवर चालणारा) बघतोय. बॅटरी साधी ट्रिपल ए रिचार्जेबल असावी, कुठेही मिळते.

आता स्पीकर हँडसेटमधला बरा का बेसमधला? बेस हॉलमध्ये राउटरपाशी राहणार, फायबरची लाइन तिथेच येते, आणि आई असते स्वयंपाकघरात. कोणी रोज स्पीकरवर बोलत असेल तर मॉडेल नंबरासकट सांगा, आणि समोरच्याला आवाज घुमल्यासारखा येतो का तेही सांगा प्लीज.