संत्रा बागेच्या व्हिडिओंखालील प्रतिक्रिया बंद कराव्यात का?

काटोलरोड_नागपूर

नमस्कार. माझे वडील कृषी खात्यातून निवृत्त झाले आहेत. काटोल तालुक्यातील आमच्या बागेत उभे राहून ते संत्र्याविषयी जे सांगतात, ते चित्रित करून यूट्यूबवर टाकण्याचे काम मी नागपुरातून करते. आंबिया बहारासाठी (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी) झाडांना दिलेला पाण्याचा ताण कधी तोडावा, डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) झालेल्या झाडाची साल कशी खरवडावी, असे आमचे विषय असतात. प्रेक्षक फार नाहीत, पण जे आहेत ते कामाचे प्रश्न विचारतात.

अलीकडे मात्र या प्रश्नांवर कचरा साचू लागला आहे. औषधविक्रेते ‘आमचे टॉनिक वापरा, फळगळ थांबेल’ असे लिहून खाली फोन क्रमांक टाकतात. काही जण बाबांच्या बोलण्यात मधूनच येणाऱ्या हिंदीची टिंगल करतात. त्याचे बाबांना काही वाटत नाही, मला वाटते. सर्वांत चीड आणणारा प्रकार म्हणजे बाबांचेच छायाचित्र आणि चॅनेलशी मिळतेजुळते नाव लावलेली खोटी खाती, जी प्रश्न विचारणाऱ्या शेतकऱ्याला ‘या क्रमांकावर संपर्क साधा’ असे उत्तर देतात. त्या बिचाऱ्याची समजूत होते की उत्तर बाबांनीच दिले.

आणखी एक गोष्ट कळत नाही. खोडाला बोर्डो मलम (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना यांचे बुरशीनाशक) लावण्याचा आमचा एक जुना, २०१४ मधील व्हिडिओ आहे. त्यात ‘हे प्रमाण फक्त खोडासाठी, फवारणीसाठी नाही’ अशी ठळक सूचना आम्ही दिली होती, तरी ‘हे फवारणीच्या पंपात भरायचे का?’ असे लोक पुन्हापुन्हा विचारतात. भाऊ म्हणतो की प्रतिक्रियाच बंद करून टाक. बाबा नको म्हणतात. आपले काय मत आहे?

धरमपेठ_गणित

ताई, शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. ती सूचना तुम्ही चित्रीकरणात बोलून दिली होती, की नंतर यूट्यूबच्याच सोयीने (अ‍ॅनोटेशन) व्हिडिओवर पाटीसारखी चिकटवली होती? पाटी असेल, तर ती आता कोणालाच दिसत नाही. या पाट्यांची सोय २००८ मध्ये आली. मोबाइलवर त्या दिसत नसत, आणि बहुतेक लोक मोबाइलवरच पाहू लागल्यावर मे २०१७ पासून नव्या पाट्या लावणे बंद झाले. १५ जानेवारी २०१९ पासून जुन्याही दिसेनाशा झाल्या. चढवलेल्या व्हिडिओचा काही भाग कापता येतो किंवा धूसर करता येतो, पण त्यावर नवा मजकूर लिहिता येत नाही. आता जी कार्डे लावता येतात ती दुसऱ्या व्हिडिओकडे नेण्यासाठी आहेत, इशारा लिहिण्यासाठी नाहीत.

अशा सूचनेसाठी उरलेली ठळक जागा म्हणजे सर्वांत वर खिळवून ठेवलेली प्रतिक्रिया, जिला सगळे पिन केलेली कमेंट म्हणतात. ही सोय २०१६ पासून आहे. प्रतिक्रिया बंद केल्यात तर हीसुद्धा जाईल, आणि मग उरते ते व्हिडिओखालचे वर्णन, जे उघडून वाचणारे विरळाच. तेव्हा बाबांचे म्हणणे बरोबर आहे, असे मला वाटते.

कचऱ्याचा बंदोबस्त सेटिंगमध्ये करता येतो. संशयास्पद प्रतिक्रिया तपासणीसाठी रोखून धरण्याची सोय तिथे आहे आणि ती कमी-अधिक कडक करता येते. दुवे असलेल्या प्रतिक्रिया रोखण्याचा वेगळा पर्याय आहे, पण फोन क्रमांक हा दुवा नसल्यामुळे तो त्यातून निसटतो. त्यासाठी अडवायच्या शब्दांची यादी भरावी लागते. त्या यादीत ‘टॉनिक’, ‘व्हॉट्सअ‍ॅप’, ‘संपर्क’ हे शब्द देवनागरीत लिहाच, पण रोमन लिपीत लोक जितक्या तऱ्हांनी लिहितात तितक्या तऱ्हांनीही लिहा, कारण आपल्याकडे अर्धे लोक मराठी रोमन लिपीतच टंकतात. चांगला शेतकरीही ‘संपर्क’ हा शब्द वापरेल, म्हणून रोखलेल्या प्रतिक्रिया अधूनमधून पाहाव्या लागतील. त्यातून सुटका नाही. टिंगल करणाऱ्याला चॅनेलवरून लपवता येते. त्याचे लिखाण त्याला स्वतःला दिसत राहते, इतरांना दिसत नाही. भांडणाऱ्याशी भांडण्यापेक्षा हे पुष्कळ बरे.

बागवान_नरखेड

मी असे व्हिडिओ बघणाऱ्यांपैकी आहे, म्हणून लिहितो. ताई, कृपया प्रतिक्रिया बंद करू नका. व्हिडिओत सांगणारा एकच असतो. त्याखाली ‘आमच्या भारी जमिनीत असे केले तर पाणी साचले’ असे सांगणारे दहा जण असतात, आणि मी आधी तेच वाचतो. पूर्वी नापसंतीचा आकडाही दिसत असे. फळगळीवर जादूचा उपाय सांगणाऱ्या व्हिडिओखाली अंगठा खाली करणारे भरपूर दिसले की माणूस सावध होत असे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो आकडा लपवला. आता बटण आहे, पण दाबणाऱ्याचे मत चॅनेलवाल्यालाच दिसते, म्हणजे ज्याला ते ऐकायचे नाही त्यालाच. शेतीच्या विषयात हा निर्णय अगदी चुकीचा ठरला.

महाल_नागपूर

बागवान दादांशी मी पूर्ण सहमत नाही. छोट्या चॅनेलांवर टोळ्यांनी ठरवून नापसंतीचा मारा होतो, हे कारण त्या वेळी देण्यात आले होते, आणि ते खोटे नव्हते. आकड्यांवर फार विसंबूनही चालत नाही. सुरुवातीला पाच ताऱ्यांची पद्धत होती. जवळजवळ सगळेच पाच तारे देतात असे दिसल्यावर २०१० मध्ये ती काढून अंगठे आणले गेले. मात्र औषध, वीज आणि शेती या विषयांत आकडा ठेवायला हवा होता, एवढे मी मान्य करतो.

खोट्या खात्यांविषयी थोडे सांगतो. खऱ्या नावाशी बांधले की लोक सभ्य वागतील, या आशेने नोव्हेंबर २०१३ मध्ये प्रतिक्रियांना गूगल प्लसचे (गूगलच्या तेव्हाच्या समाजमाध्यमाचे) खाते सक्तीचे केले होते. कचरा कमी झाला नाही, उलट लांबलचक मजकूर आणि दुव्यांचा पूर आला. या संकेतस्थळावरचा पहिला व्हिडिओ ज्यांचा, त्या सहसंस्थापक जावेद करीम यांनीही उघड नापसंती व्यक्त केली होती. २०१५ मध्ये ती सक्ती उठली. त्यापेक्षा २०२२ चे बदल उपयोगी आहेत. चॅनेलांना सदस्यसंख्या लपवता येईनाशी झाली आणि प्रत्येक चॅनेलला दुसऱ्या कोणाचे नसलेले वेगळे ओळखनाम (हँडल) मिळाले, त्यामुळे खोट्या खात्यावर बोट ठेवले की ते पटकन उघडे पडते. शिवाय चॅनेलच्या मालकाने लिहिलेल्या प्रतिक्रियेत नावामागे रंगीत पट्टी दिसते, तशी नकली खात्याच्या नावामागे दिसत नाही. बाबांनी एखाद्या व्हिडिओत हे दाखवून सांगितले तर शेतकरी फसणार नाहीत. आणि अशा खात्यांची तोतयेगिरीची तक्रार करत राहा.

काटोलरोड_नागपूर

सर्वांचे आभार. तपासून पाहिले, आमची सूचना पाटीच्याच रूपात होती आणि आता दिसत नाही. प्रतिक्रिया सुरूच ठेवते. शब्दांची यादी बाबांनी सकाळी चहा पिताना सांगितली आणि तीत काही शिव्या माझ्या समोर प्रथमच उच्चारल्या.

पिन करण्यासाठी हा मजकूर ठरवला आहे: ‘एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे मलम फक्त खोडाला लावण्यासाठी आहे. फवारणीच्या एक टक्का बोर्डो मिश्रणाला तेवढ्याच मोरचूद-चुन्यासाठी शंभर लिटर पाणी लागते. मलम पानांवर फवारल्यास पाने करपतील.’ काही सुधारणा सुचवाल का?

बागवान_नरखेड

मजकूर बरोबर आहे. फक्त ‘फवारू नका’ हे पहिल्याच ओळीत घ्या, कारण मोबाइलवर लांब प्रतिक्रिया अर्धीच दिसते.

धरमपेठ_गणित

आणि ती चॅनेलच्या खात्यावरूनच लिहा, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या खात्यावरून नको. दुसऱ्याची प्रतिक्रियाही खिळवता येते, पण त्याने ती पुसली की सूचना पुन्हा नाहीशी होईल.