मदत हवी आहे: सातवीतच अल्जिब्रा वन घ्यावं का?

मंडळी, आम्ही अमेरिकेत असतो, लेक सहावीत आहे. शाळेने विचारलंय, अल्जिब्रा वन (बीजगणिताचा पहिला कोर्स) सातवीत की आठवीत? सातवीत घेतलं तर पुढे जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि अकरावीतच एपी कॅल्क्युलस (शाळेतच शिकवलं जाणारं कॉलेजच्या पातळीचं कॅल्क्युलस). मग बारावीत काय, कोण जाणे!

तिला उत्तरं पटापट येतात. काल पाऊण भागिले अर्धा बरोबर दीड काढलं. ‘उलटं करून का गुणलंस?’ विचारलं, तर म्हणे, ‘टीचरने सांगितलं म्हणून.’ तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

नवरा म्हणतो, नाही जमलं तर येईल मागे. पण मागे येणं मुलांच्या मनाला लागतं हो. कुणाची मुलं या वाटेने गेली आहेत का? उन्हाळ्यात अपूर्णांक पक्के करून घेतले तर पुरेल?