प्रोसेसरच्या दरयुद्धात ग्राहक खरोखर जिंकतो का?

मूळ मत
मार्च 2017 मध्ये एएमडी या चिप कंपनीने आठ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे गणना करणारा भाग) रायझन 7 1800एक्स हा प्रोसेसर 499 डॉलरला आणला, तेव्हा तिच्या प्रतिस्पर्धी इंटेलच्या आठ कोअरच्या आय7-6900के साठी हजार डॉलरहून अधिक मोजावे लागत होते. त्याआधी सुमारे दहा वर्षे घरगुती डेस्कटॉपसाठीचे इंटेलचे प्रोसेसर चार कोअरच्या पुढे गेले नव्हते. रायझन आल्यावर त्याच ऑक्टोबरमध्ये सहा कोअरचा आय7-8700के दुकानात दिसू लागला. दर उतरतात ते समोर तुल्यबळ स्पर्धक असला तरच, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद 1
असहमत. इंटेलचा कोअर 2 ड्युओ प्रोसेसर आल्यावर, जुलै 2006 मध्ये, एएमडीला अ‍ॅथलॉन 64 एक्स2 चे दर जवळजवळ निम्म्यावर आणावे लागले. त्यातच एटीआय या ग्राफिक्स चिप कंपनीच्या खरेदीचे 5.4 अब्ज डॉलर अंगावर आले, 2007 चा तोटा तीन अब्जांच्या वर गेला आणि 2009 मध्ये स्वतःचे कारखाने वेगळे काढण्याची पाळी आली. आपण ज्या चार कोअरच्या कोंडीबद्दल बोलता, ती याच दरयुद्धाने एएमडी खंगल्यामुळे झाली.

प्रतिसाद 2
एएमडी खंगली याचा सगळा दोष दरांवर ढकलणे मला पटत नाही. 2011 चा तिचा बुलडोझर प्रोसेसर मुळातच कमकुवत होता. शिवाय संगणक उत्पादकांना सवलती देऊन इंटेल आपल्याला बाजाराबाहेर ठेवते, असा एएमडीचा आरोप होता आणि तो वाद मिटवताना 2009 मध्ये इंटेलने 1.25 अब्ज डॉलर मोजले.

धागाकर्ता
एएमडीलाही मी डोक्यावर घेत नाही. 2020 मध्ये आघाडी मिळताच तिने 249 डॉलरच्या रायझन 5 3600एक्सच्या जागी 5600एक्स 299 डॉलरला विकला. इंटेलच्या प्रोसेसरची बारावी पिढी आल्यानंतरच, एप्रिल 2022 मध्ये, 199 डॉलरचा 5600 निघाला. तोच मी माझ्या 2017 च्या बी350 मदरबोर्डवर बसवला. बायोस (मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केले, उष्णता वाहून नेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसली आणि नवा प्रोसेसर त्याच सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवायच्या खाचेत) बसला. याउलट इंटेलच्या 8700के साठी, सॉकेटचे नाव तेच असूनही, नवा मदरबोर्ड घ्यावा लागत होता. ही बचत किमतीच्या चिठ्ठीवर दिसत नाही.

प्रतिसाद 1
आपली बचत मला मान्य आहे. पण एएमडी आपल्या चिप तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीकडून घडवून घेते आणि इंटेलला स्वतःचे कारखाने पोसावे लागतात. 2024 मध्ये इंटेलला 18 अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. उद्या ती डेस्कटॉपच्या बाजारातून हटली, तर एएमडीला 199 डॉलरचा प्रोसेसर काढायला कोण भाग पाडणार, हे आपण सांगावे.