आई-बाबांसोबत बघता येतील असे जुने अमेरिकन गाण्याचे कार्यक्रम सुचवा

श्रावणसर
आई-बाबा हिवाळाभर आमच्याकडे अमेरिकेत आहेत. बाहेर बर्फ, त्यामुळे सगळी संध्याकाळ टीव्हीसमोर. हल्लीच्या मालिका एकत्र बघायच्या तर रिमोट हातात धरूनच बसावं लागतं, कधी काय दिसेल नेम नाही. परवा पीबीएसवर (इथली सार्वजनिक वाहिनी) लॉरेन्स वेल्क या वाद्यवृंदवाल्याच्या 'लॉरेन्स वेल्क शो'चा जुना भाग लागला. साबणाचे फुगे, अकॉर्डियन, आणि एकसारख्या पोशाखातल्या चौघी जणी. चॅनल बदलणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "राहू दे." आमचे बाबा टीव्हीला कधी "राहू दे" म्हणत नाहीत! आता रोज 'त्या पोरी लाव' अशी फर्माईश सुरू आहे. असं आणखी काय मिळेल? आईला इंग्रजी फारसं कळत नाही, सूर मात्र पक्के कळतात. सख्खी भावंडं गाणारी असतील तर उत्तम.

एकतारी
त्या लेनन सिस्टर्स. डायॅन, पेगी, कॅथी, जॅनेट. वेल्कचा मुलगा आणि डायॅन एकाच शाळेत, त्यानेच वडिलांना त्यांचं गाणं ऐकायला लावलं. १९५५ च्या नाताळच्या आदल्या रात्री पहिल्यांदा कार्यक्रमात आल्या, तेव्हा जॅनेट ९ वर्षांची होती. १९६८ पर्यंत तिथेच गायल्या. पुढे जिमी ड्युरांटीबरोबर त्यांचा स्वतःचा कार्यक्रमही एक हंगाम चालला.

यानंतर अँडी विल्यम्स शो लावा. १९६२ पासून त्यात ऑस्मंड बंधू येऊ लागले. चार पोरं, धाकटा ७ वर्षांचा, आणि बार्बरशॉप पद्धतीचं चार आवाजांचं गाणं. एवढीशी पोरं इतकी सुरात कशी, असं आई नक्की विचारणार. अँडी स्वतःही लहानपणापासून तीन भावांबरोबर गायचा, त्यामुळे त्याला या प्रकाराची जाण होती.

चष्मिष्ट
पार्ट्रिज फॅमिली! आई, मुलं, बस, गाणी, अगदी घरगुती मामला.

खर्जातला
चष्मिष्ट, मालिका गोड आहे, पण धाग्यात सख्खी भावंडं मागितली आहेत. पडद्यावरच्या त्या कुटुंबातले शर्ली जोन्स आणि डेव्हिड कॅसिडी हे दोघंच खरोखर गायचे, बाकीच्यांनी नुसते ओठ हलवले. (प्रत्यक्षात तो तिचा सावत्र मुलगा, म्हणजे नातं अगदीच खोटं नव्हतं म्हणा.) ज्यांच्यावरून ती मालिका सुचली ते काउसिल्स ऐका. ती खरी भावंडं, आणि सोबत त्यांची आईसुद्धा.

आणि वेल्कचं म्हणाल तर रोज नको. फार गोग्गोड आहे. विशीतल्या बायकांना शाळकरी मुलींसारखं नटवलेलं मला तरी बघवत नाही. आर्थर डंकनचं टॅप नृत्य मात्र चुकवू नका.

तंबोरा जुळेना
श्रावणसर, आईंना सूर कळतात ना? मग एव्हर्ली ब्रदर्सपासून सुरुवात करा, कारण आवाज दोनच आहेत. बहुतेक ठिकाणी खालचा डॉन चाल गातो आणि वरचा फिल तिसऱ्या स्वरावर असतो. म्हणजे डॉन सा वर तर फिल गंधारावर, डॉन रे वर गेला की हा मध्यमावर. आपल्या कानाला एकच चाल धरायची सवय, म्हणून आधी दोघं मिळून एकच गातायत असं वाटतं. आईंना सांगा, चाल सोडून द्या आणि वरच्या आवाजामागे जा. दोन-तीन गाण्यांत कान बसतो. मग चार आवाजांकडे वळा.

सख्ख्या भावंडांचे आवाज असे एकजीव होतात, त्याला इथले लोक 'ब्लड हार्मनी' म्हणतात. गळ्याची ठेवण सारखी असते हे खरं, पण माझ्या मते त्याहून मोठा भाग उच्चारांचा. 'आ' किती उघडायचा, शब्द कुठे सोडायचा, श्वास कुठे घ्यायचा, हे एका घरात वाढताना आपोआप एक होतं. चारही गळ्यांतून तोच 'आ' निघाला की उपस्वर (मूळ स्वरासोबत वर बारीक वाजणारे स्वर) एकमेकांवर बसतात आणि कुणीच न गायलेला स्वर वर वाजल्यासारखा वाटतो. जुळलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो, तसं. लेनन भगिनींच्या लांबवलेल्या शेवटच्या स्वरावर लक्ष ठेवा.

एकतारी
+१. कार्पेंटर्सही ऐकवा. भाऊ-बहीण दोघंच, पण ध्वनिमुद्रणात स्वतःच्याच आवाजांचे थर चढवून अख्खा वृंद उभा करायचे. १९७६ पासून एबीसी वाहिनीवर त्यांचे विशेष कार्यक्रमही झाले. ऑस्मंड घरातल्याच भाऊ-बहिणीचा 'डॉनी अँड मरी' (१९७६-७९) हा कार्यक्रम मात्र जपून, त्यात विनोदी प्रवेश आणि बर्फावरचं स्केटिंग बरंच आहे.

खर्जातला
बाबांसाठी मिल्स ब्रदर्स! चार सख्खे भाऊ, वाद्य म्हणून एक गिटार, बाकी ट्रम्पेट वगैरे सगळं तोंडाने. १९३६ मध्ये एक भाऊ गेला तर त्याच्या जागी वडील उभे राहिले.

श्रावणसर
मिल्स ब्रदर्स लावले. ट्रम्पेट तोंडाचा आहे यावर बाबांचा विश्वास बसेना, तीनदा मागे घेऊन बघितलं. आईला मात्र एव्हर्ली आवडले, "धाकटा वर जातो तेव्हा थोरला त्याच्याकडे बघतो," म्हणाली. आता नाताळात लावायला काय?

एकतारी
अँडी विल्यम्सचे नाताळ विशेष. त्यात त्याचे भाऊही येतात आणि ऑस्मंडही.