चर्चमधली कॉन्सर्ट म्हणजे शहरवाल्यांची सहल? मला अजिबात मान्य नाही

न्यूकची_नलू
काल इथे फोरमवर 'पेटीवाला' यांनी लिहिलं की स्कॉटलंडच्या खेड्यापाड्यांत चर्चमध्ये नि हॉलमध्ये ज्या कॉन्सर्ट होतात ती एडिनबराहून गाडी काढून येणाऱ्या रिटायर्ड पैसेवाल्यांची सहल असते, गावाचा काडीचा संबंध नसतो, "याला गावपण म्हणू नका". वाचून रात्री झोप लागली नाही मला. मी फाइफच्या ईस्ट न्यूकमध्ये, म्हणजे तिथल्या किनाऱ्यावरच्या गावांत, 14 वर्षं राहतेय, त्यातली 9 हॉल कमिटीवर, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे निदान ग्रामपंचायत तरी असते. इथली पॅरिश कौन्सिलं 1930 मध्येच गेली, आता कम्युनिटी कौन्सिल आहे पण तिला ना कर लावता येत ना रस्ता करता येत. बँक गेली, पोस्ट आठवड्यातून दोनदा व्हॅनमधून येतं. आणि चर्च म्हणाल तर 2011 च्या जनगणनेत 32.4 टक्के लोकांनी आपला धर्म चर्च ऑफ स्कॉटलंड लिहिला होता, 2022 मध्ये 20.4, म्हणजे अकरा वर्षांत बारा टक्के गेले. आमच्याकडे रविवारी बारा-तेरा डोकी असतात. त्याच बाकांवर जानेवारीत फिडल आणि ॲकॉर्डियनची संध्याकाळ ठेवली तर नव्वद माणसं बसतात, त्यातली सत्तर मी नावानिशी ओळखते. एडिनबरावाले जानेवारीत येत नाहीत हो, ते जूनमध्ये येतात.

आमच्याकडे एक शेतकरी आजोबा आहेत, बायको गेल्यापासून कुणाशी बोलेनात. दुकानात मान हलवायची नि निघायचं. मागच्या हिवाळ्यात कॉन्सर्टला आले, हीटरजवळच्या बाकावर बसले, कोट काढला नाही. दुसऱ्या गाण्याला माझं लक्ष गेलं तर पुढच्या बाकाच्या पाठीवर त्यांची बोटं चालली होती, उजव्या हाताची सुरांवर आणि डाव्या हाताची बेसच्या बटणांवर. चाळीस वर्षांपूर्वी ते गावच्या नाचाला ॲकॉर्डियन वाजवायचे हे आम्हाला कुणाला माहीतच नव्हतं. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा.

पेटीवाला
नलूताई, आजोबांबद्दल वाचून बरं वाटलं, पण माझा मुद्दा तुम्ही बाजूलाच ठेवलात. मी लुईस बेटावर तीन वर्षं काढली. तिथे फ्री चर्चमध्ये (हा वेगळा, कडक पंथ) गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतलं साम, म्हणजे बायबलमधली स्तोत्रं, ऐकलंय. एकजण ओळ उचलून देतो आणि मग सगळी सभा मागून येते, प्रत्येकजण आपापल्या हरकतीने, वाद्य एकही नाही, कुणी पुढे नाही, कुणी प्रेक्षक नाही. माझ्या अंगावर काटा आला होता, आजोळच्या हरिनाम सप्ताहाची आठवण झाली. ते गावपण. आणि तुमच्याकडे? स्टेजवर चार पगारी कलाकार, समोर तिकीट काढून बसलेली माणसं, शेवटी टाळ्या, घरी. 'केली' (ceilidh, इथली नाचगाण्याची बैठक) या शब्दाचा गेलिकमध्ये मूळ अर्थच भेट असा आहे, एकमेकांकडे जाऊन बसणं, ज्याला जे येतं ते त्याने करणं. त्याचं तुम्ही तिकिटाचं दुकान केलंत. ईस्ट न्यूकचा मोठा फेस्टिव्हल 2005 पासून आहे ना, क्रेल नि किलरेनीच्या चर्चमध्ये उत्तम चेंबर म्युझिक होतं, मी स्वतः ऐकलंय, पण ते गावात होतं, गावाचं नसतं. हा फरक आहे.

जुना_अबर्डीनकर
पेटीवाल्यांशी सहमत आणि त्याहून मोठा प्रश्न कुणी बोलतच नाही. गावात माणसं राहतात कुठे? बंदरावरची निम्मी घरं हॉलिडे लेट, म्हणजे सुट्टीवाल्यांना भाड्याने, खिडकीखाली ती किल्लीची डबी लटकलेली. कॉन्सर्ट करा नाहीतर तमाशा करा, हिवाळ्यात दिवे लागलेली घरं मोजा आधी.

न्यूकची_नलू
घरांचं दुःख मलाही आहे, माझ्या मुलीला गावात घर मिळालं नाही. पण म्हणून जी माणसं उरलीत त्यांनी अंधारात बसायचं का?

शेटलंडची_सून
मी मधे पडते. आमच्याकडे शेटलंड बेटांवर फोक फेस्टिव्हल 1981 पासून आहे आणि तो फक्त लर्विक या मुख्य शहरात होत नाही, लांबलांबच्या गावच्या हॉलमध्ये होतो, बाहेरचे कलाकार लोकांच्या घरी उतरतात. माझ्या सासूबाईंकडे एक फिडलवाली उतरली होती, चार दिवसांत स्वयंपाकघरात तिघी पोरींना दोन धुना शिकवून गेली. तेव्हा पगारी कलाकार आला की गाव गप्प बसतं हे खरं नाही. पण नलूताई, एक विचारते, तुमच्याकडे मध्यंतरात चहा कोण करतं?

न्यूकची_नलू
आम्हीच. पाच जणी. घरचे स्कोन, टॅबलेट (इथली साखर-दुधाची वडी), सँडविच.

शेटलंडची_सून
आणि त्या पाच जणींचं वय?

न्यूकची_नलू
मी सर्वांत लहान, 52. बाकी सगळ्या सत्तरीच्या पुढच्या.

शेटलंडची_सून
हेच म्हणायचं होतं मला! आमच्याकडे हॉलमध्ये रविवारचा चहा असतो, लांबच लांब टेबलं, केकनी भरलेली, त्या पैशावर हॉलचं छप्पर टिकतं. सगळं बायकांच्या मनगटावर. गेल्या वर्षी आमच्या गावात दोन रविवार रद्द झाले कारण बेक करायला माणूस नाही. संगीतावर पानंच्या पानं लिहाल पण कपबशा कोण धुतं हे कुणी लिहिणार नाही.

डंडीकर_संजू
मग चहा बंद करा, वाईन ठेवा. ऑकेजनल लायसन्स काढायचं, कागदी ग्लास, धुणं नाही काही नाही. हॉलला पैसेही जास्त मिळतील.

न्यूकची_नलू
संजू, हे एकदा झालं आमच्याकडे. बाहेरच्या आयोजकाने हॉल भाड्याने घेतला आणि दारात प्रोसेको वाईनची व्हॅन उभी केली. चहा नाही. मध्यंतरात गावातली माणसं भिंतीला चिकटून उभी होती, आजोबांसारखे लोक तर अर्ध्यातच गेले. चहाला रांग लागते ना, त्या रांगेत माणसं बोलतात. कुणाची गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, कुणाची गाय व्याली. वाईन घेऊन माणूस आपल्याच गटात परत जातो.

डंडीकर_संजू
हे जरा अति होतंय. वाईन पिणारे बोलत नाहीत?

शेटलंडची_सून
बोलतात. पण गाडी चालवत आलेले पीत नाहीत, खेड्यात सगळेच गाडी चालवत येतात आणि इथली दारूची मर्यादा 2014 पासून अजून कडक आहे. राहिले कोण? तुम्हीच सांगा.

पेटीवाला
संगीताचा विषय होता, चहावर आलोय आपण.

शेटलंडची_सून
चहा हाच विषय आहे! तुम्हाला सप्ताह आठवतो ना आजोळचा? त्या सप्ताहातली पंगत कुणी रांधली होती? तुम्ही टाळ घेऊन उभे होतात, तुमची आजी चुलीपाशी होती. तिला ते गावपण वाटलं का हे कधी विचारलंत?

पेटीवाला
माझ्या आजीला मधे आणायचं कारण नव्हतं.

जुना_अबर्डीनकर
ताई, हे बरोबर नाही. मुद्द्यावर बोला, घरात शिरू नका.

शेटलंडची_सून
सप्ताह त्यांनीच आणला, मी फक्त आतलं दार उघडलं. मी मागे घेणार नाही.

ग्रंथपाल_माई
जरा शांत व्हा सगळे. पेटीवाले, तुमचं नावच पेटीवाला म्हणून एक सांगते. इथल्या प्रेस्बिटेरियन (चर्च ऑफ स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट पंथाच्या) चर्चमध्ये पूर्वी ऑर्गन चालत नसे, नुसतं सामगायन. 1860 च्या दशकात एडिनबराच्या ग्रेफ्रायर्स चर्चचे धर्मगुरू रॉबर्ट ली यांनी आधी हार्मोनियम आणि मग ऑर्गन आणला तर केवढा वाद पेटला होता. ऑर्गनला हेटाळणीने लोक म्हणायचे 'किस्ट ओ' व्हिसल्स', म्हणजे शिट्ट्यांची पेटी. पेटीच! आपण ज्या शब्दाने लाडाने बोलतो त्याच शब्दाने इथे शिवी दिली जायची. फ्री चर्चने तर वाद्यांना परवानगी दिली ती 2010 मध्ये. तेव्हा अस्सल काय नि उपरं काय हे ठरवताना जरा जपून, आज जे अस्सल वाटतं त्यावरही कुणीतरी भांडलेलं असतं.

पेटीवाला
हे माहीत नव्हतं, किस्ट शब्द छान आहे. पण यातून माझा मुद्दा खोटा ठरत नाही. सगळे गातात ते वेगळं आणि चार जण गातात नव्वद ऐकतात ते वेगळं. बारा पाऊंड तिकीट लावलं की ज्याच्याकडे बारा पाऊंड नाहीत तो गावात असूनही बाहेरचा होतो.

न्यूकची_नलू
तिकिटाचं मान्य. खरंच मान्य, आणि लागतंही मनाला. आम्ही शाळकरी मुलांना फुकट सोडतो, पण आईबापांना नाही, आणि त्यामुळे मुलंही येत नाहीत. कलाकाराला पैसे द्यायचे, हॉल गरम ठेवायचं तेल भरायचं, दोन्ही कुठून आणू? बाराचं आठ केलं तर नव्वद नाही, एकशे पस्तीस माणसं लागतील आणि एवढी गावात नाहीतच.

डंडीकर_संजू
तिकिटापेक्षा बस बघा. बावीसच्या आतल्या सगळ्यांना जानेवारी 2022 पासून बस फुकट, साठीच्या पुढेही फुकट. पण माझ्या मावशीच्या गावात संध्याकाळी सातनंतर बसच नाही. पास घेऊन पोरगं थांब्यावर उभं राहणार का?

जुना_अबर्डीनकर
हे मात्र लाख बोललास.

पेटीवाला
नलूताई, एक विचारतो, रागाने नाही. त्या आजोबांनी नंतर वाजवलं का?

न्यूकची_नलू
नाही. मी दोनदा विचारलं, बोटं आखडलीत म्हणाले. पण तेव्हापासून कॉन्सर्ट संपली की थांबतात, बाह्या वर करून सिंकपाशी उभे राहतात. कप ते धुतात, मी पुसते. पाणी फार गरम घेतात, मला हात लावता येत नाही. परवा बशी पुसताना सांगत होते, पूर्वी नाच संपल्यावर बँडवाल्यांनाच भांडी धुवायला लावायचे, हा नियम होता हॉलचा.

शेटलंडची_सून
हा नियम परत आणा.

पेटीवाला
पुढची कधी आहे?

न्यूकची_नलू
शनिवारी, सात वाजता. कोरडा टॉवेल घेऊन या, हॉलमधले कायम ओले असतात. आणि संजू, मावशींना सांग साडेसहाला तयार राहायला, माझ्या गाडीत मागे दोन जागा आहेत.